एक्केचाळीस शून्यं

सोमवार, ३

“पुस्तक अर्धं टाकून उठू नये गं, आतली माणसं ताटकळतात.” मी नऊ वर्षांची असताना मावशी असं म्हणाली होती. आज तिच्या घराचं कुलूप काढताना ते वाक्य आठवलं आणि हसू आलं. पुस्तकातल्या माणसांची तिला केवढी काळजी! बाहेरची माणसं, म्हणजे मी धरून तीनचार, खुशाल ताटकळायची.

घर मात्र छान आहे. दोन खोल्या, समोर शांत रस्ता, खिडकीत सकाळभर ऊन. मावशी जाऊन वर्ष झालं. तिने घर माझ्या नावे केलं होतं, आणि कामही नेमकं याच गावात मिळालं: इथल्या ग्रंथालयाचा डेटाबेस नव्या आवृत्तीवर न्यायचा. तीन आठवडे लागतील म्हणतात. मला तीन दिवस पुरतील.

आल्या आल्या रद्दीवाल्याला बोलावलं आणि मावशीची सगळी पुस्तकं देऊन टाकली. पलंगाशेजारी एक जाडजूड कादंबरी पालथी पडली होती, तिच्यावर मावशीचा चष्मा. आत ग्रंथालयाचा शिक्का होता. तीही दिली. चष्माही दिला. आता घरात वाचण्यासारखं काही उरलं नाही. ही जाड वही तेवढी, आणि ती अजून कोरी आहे. काय मोकळं वाटतंय!

मंगळवार, ४

ग्रंथालय पाहिलं. सर्व्हर ठेवलाय तो पूर्वी झाडू-बादल्या ठेवायच्या कोनाड्यात, आणि त्याच्या अंगावर विणलेला रुमाल. थंडी वाजत असेल बिचाऱ्याला. शिपाई इतका सावकाश चालतो की मी त्याचं नाव गोगलगाय ठेवलं. ग्रंथपाल बाई निवृत्तीला आल्यात. बोटाला शाई असते आणि संगणकाशी बोलतात. मला विचारलं, चहा घेणार का, आणि याला बंद केल्यावर याला काही होणार नाही ना. म्हटलं, बाई, भूल देऊनच करते. गोगलगाय फिस्सकन हसला. बाईंनी मात्र समाधानाने मान डोलावली.

मी कोणाची भाची ते कळल्यावर म्हणाल्या, मग तिच्याकडचं पुस्तक तुझ्याकडेच असेल. राहू दे हो, मी मागणार नाही. मी नुसतं हूं म्हटलं.

बुधवार, ५

जुनी आवृत्ती काढली, नवी घातली, सर्व्हर सुरू केला. पंखा घुमला, दिवे लागले, आणि अकरा सेकंदांनी सगळं बंद. पुन्हा सुरू केला. अकरा सेकंद, बंद. बावीस वेळा करून पाहिलं. लॉगमध्ये दर वेळी तीच ओळ: मुदतीची तारीख अवैध, सेवा थांबवत आहे.

बाई दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, नको म्हणतोय तो. अशा बाईंच्या हाती लोक नोंदी सोपवतात!

गुरुवार, ६

सापडलं. एक्केचाळीस नोंदींत पुस्तक परत करायची मुदत शून्य आहे. दिवस शून्य, महिना शून्य, वर्ष शून्य. जुनी आवृत्ती असलं काहीही मुकाट गिळायची. नवी आवृत्ती सुरू होतानाच प्रत्येक तारीख तपासते आणि पहिल्या शून्याला मान टाकते.

बाईंना विचारलं. त्यांनी अगदी सहज सांगितलं: ही सगळी गेलेली माणसं. वाचता वाचता गेली, पुस्तक त्यांच्याकडेच राहिलं. मुदत शून्य केली की त्यांना स्मरणपत्र जात नाही. वाचू देत की निवांत, त्यांना आता कुठे जायचंय?

मी इतकी हसले की ठसका लागला. मग एका आज्ञेत सगळ्या शून्यांच्या जागी आजची तारीख घातली. बाई म्हणत होत्या, अगं, नको करूस, निदान एकदा नावं तरी वाच. म्हटलं, बाई, मी नावं वाचत नाही, रकाने वाचते.

बाराव्या सेकंदालाही सर्व्हर चालू होता. रुमाल कचऱ्यात टाकला.

शुक्रवार, ७

मुदत काल संपली, म्हणून सर्व्हरने सकाळी आपणहून स्मरणपत्रं धाडली. एक्केचाळीसही जणांच्या फोनवर. पाठवणारी म्हणून माझं नाव. मजकूर बाईंनीच कधीतरी लिहिलेला: ‘आपल्याकडील पुस्तक स्वतः आणून द्यावे. हरवले असल्यास घरातील तेवढ्याच जाडीचे दुसरे द्यावे. कोरे चालणार नाही.’ काय ती भाषा! बाई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मेलेल्यांचा मान राखायचा तर जिवंतांशी अबोला धरावाच लागत असेल.

दुपारी जेवायला घरी आले तर कपाटात टिंग असा आवाज झाला. मावशीचा फोन. वर्षभर बंद, बॅटरी फुगलेली. पडदा काळाच होता. खराब झालेली यंत्रं वाजतात अशी कधीकधी. वाजत असतील.

शनिवार, ८

सकाळी ग्रंथालयाच्या दाराशी असलेल्या परतीच्या पेटीत सात पुस्तकं होती. सातही माझ्या एक्केचाळिसातली. वर्षानुवर्षं कुठे पडून होती म्हणावं तर धूळ नाही, वास नाही. आत्ताच कोणाच्या तरी हातातून सुटल्यासारखी कोमट. प्रत्येकात मध्येच कुठेतरी खूण: केसांचा आकडा, बसचं तिकीट, गोळ्यांच्या पाकिटाचा तुकडा. गोगलगाय म्हणाला, नातेवाइकांनी आणून टाकली असतील. उघड आहे, असं मी म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं.

बाईंनी एकाही पुस्तकातली खूण काढली नाही. तशीच कपाटात लावली.

सोमवार, १०

आज एकोणीस. क्रम लावून पाहिला. सर्वांत जुनी नोंद आधी येते. मावशीची एक्केचाळिसावी आहे.

रद्दीवाल्याकडे जाऊन आले. सगळ्याचा लगदा झाला म्हणाला. वर दात काढून विचारतो, का, मावशी परत आली की काय वाचायला? मूर्ख माणूस. मी हसू शकले नाही.

मंगळवार, ११

आज नऊ पुस्तकं, आणि एक फोटोंचा अल्बम.

दहाच्या सुमाराला एक बाई आली. अल्बम तिच्या लग्नाचा. सासऱ्यांकडचं पुस्तक तिने केव्हाच फेकून दिलं होतं. तिच्या उजव्या हाताची तीन नखं मुळापासून उखडलेली. विचारलं तर म्हणाली, मी सोडत नव्हते. कोण ओढत होतं ते सांगेना. अल्बम परत द्यायला गेले तर हात मागे घेतला. जमा झालाय तो, म्हणाली, आता माझा नाही.

मावशीची मुदत बदलून नऊ हजार नऊशे नव्याण्णव साल घातलं. नव्या आवृत्तीने मुकाट घेतलं. पण गेलेलं पत्र मागे कसं घ्यायचं, ते कुठल्याच आवृत्तीत नाही.

बुधवार, १२

दुपारी घरी. सगळे खण उघडे. गादी उलटवलेली. स्वयंपाकघरात डबे एका ओळीत, प्रत्येकाचं झाकण काढून शेजारी ठेवलेलं. चोर नव्हे. मावशी शोधायची ती असंच —

दुकानातून तेवढंच जाड पुस्तक आणून पलंगाशेजारी ठेवलं. तासाभराने दाराबाहेर पडलेलं होतं. ‘घरातील’ म्हटलंय ना. घरातील.

गुरुवार, १३

पेटीत चार. चाळीस झाली.

बाईंपुढे हात जोडले. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, तिचं अर्धंच झालं होतं गं. शेवटच्या फोनवर मला बजावत होती, पुढचं सांगू नका म्हणून. पत्र तुझ्या नावाने गेलंय, मी आता काय करू? मग विचारलं, घरात कुणी लिहिलेलं काहीच नाही का.

ही वही आहे, म्हटलं. जाडी विचारली. बोटांनी दाखवली. त्यात भरलेली किती? मी बोटं जवळ आणली. आणखी जवळ.

बाई माझ्याकडे बघेनात. कोरे चालणार नाही.

शुक्रवार, १४

ऊन आलंय खिडकीत. कामावर गेले नाही. वहीच्या मागच्या बाजूने लिहीत बसले, पानं भरावीत म्हणून. कोणाकोणाला हसले त्याची यादी. गोगलगाय, बाई, आई, शाळेतल्या सगळ्या मुली, मावशी. सात पानं. चाळिशीपर्यंतचं आयुष्य, सात पानं. पुढे सुचत नाही.

आत आली आहे. तिला दिसत नाही. चष्मा मीच — चाचपडतेय. भिंत. टेबल. खुर्चीची पाठ —

वहीतली भरलेली पानं पातळच आहेत. उरलेली जाडी ती कशाने —

केसांवरून हात. हळू. लहानपणी फिरवायची तसा. पान उलटायच्या आधी पानावरून फिरवतात तसा.

मावशी, अर्धं टाकून उठू नये, तूच म्हणायचीस. तुला मी अर्ध्यावरून उठवलं. माहीत आहे. तू नाहीच म्हणशील. तरी मागते. हे एवढं पान पुरं करू दे. एवढंच पान. आतली माणसं ताटक