अंजिराचं खोड लिंपून ठेव

पल्लवी,

ओट्यावर रक्त दिसलं तर घाबरू नको, ते तुझ्या पप्पांचं आहे. त्यांचा हात मोडलाय. मीच त्यांना दवाखान्यात नेलंय. आधार कार्ड घ्यायला घरी आले, तेवढ्यात लिहितेय.

सकाळी दापोऱ्याहून तुझे मोठे काका आले होते. चीक गळणारं झाड दारात लावलंय म्हणून पोरीचं लग्न जमत नाही, असं सांगून गेले. पप्पांनी लगेच कुऱ्हाड काढली. मी आडवी गेले तर माझ्या कानाखाली मारली, मला ढकललं आणि अख्खं अंजीर तोडलं. परत माझ्यावर हात उगारला, तेव्हा मी फावड्याचा दांडा घातला. हाड मोडल्याचा आवाज मलाही ऐकू आला.

खोड गुडघ्याएवढं उरलंय, पण मुळं शाबूत आहेत. शेण-माती कालवून कापलेल्या जागी लिंप, पुन्हा फुटेल. बादलीत हातभर काड्या ठेवल्यात, त्या कुंडीत लावून सावलीत ठेव. आधी हाताला तेल चोळ, चिकाने आग होते. कच्ची अंजिरं तेवढी फेकून दे, मला बघवत नाहीत. कुऱ्हाड शोधू नको. जाताना पिशवीत घालून नेली होती, येताना राजघाटावर थांबून तापीत फेकली.

डॉक्टरला पप्पा म्हणाले, पाय घसरला. मी म्हटलं, नाही, मी मारलं. रविवारी तुला बघायला पाहुणे येतील, त्यांनाही मी हेच सांगणार आहे. ऐकून उठून गेले तर अडवू नको. त्या घरात मला तुला द्यायचंच नाही.

आई