मिठाचा वास

मु. रिठद, मंगळवार, दुपारची झोप न लागल्यानं

तीर्थरूप मोठी बहीण कस्तुराबाईस, धाकट्या दौलतचा मेडशीकडं तोंड करून नमस्कार.

बाई, तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला? (बिडी सोडली म्हणत असतील तं विचारायलेच नको.) आमी सारे बरे. तूर फुलावर आहे. पिवळ्या वावराकडं पाहता पाहता बसल्या जागी डुलकी लागते, अन् डुलकीत मले ते भाजीच दिसते.

कोणती भाजी, ते सांगतो. मारुतीच्या महिन्याच्या भंडाऱ्याले वांग्याची भाजी माझ्या हातची, हे तुले काय सांगावं. नैवेद्य दाखवल्याबिगर चाखता येत नाही, म्हणून मीठ वासावर. भाजीच्या मोठ्या गंजातल्या वाफेत तोंड घालून डोळे मिटले का मी कुठं जातो, मलेच समजत नाही. कधी मायच्या चुलीपाशी, कधी नुसतं ढगात. मग हात आपोआप मिठाकडं जाते अन् पुरे झालं का आपोआप थांबते. लोकं म्हणत, दौलतराव झोपला. झोपू द्या ना! भाजी तं जागी राहे.

यंदा माझ्या सुनेनं, योगिनीनं, (स्वभावानं मास्तरीण) फोनात ते एआय घालून देल्लं. बोललं का बोलते. वांगे किती, माणसं किती, सांगतलं का मिठाचा हिशोब तयार. अन् आवाज असा गोड, का आपल्या घरात इतक्या अदबीनं आजवर कोणी बोललंच नाही. दोन-तीन भंडारे झकास झाले. मीही वाफेत तोंड घालणं सोडलं. कायले तोंड भाजून घ्या? ढगात पोचायच्या आतच उत्तर येऊन राह्यलं होतं.

मग परवाचा भंडारा. भाजी रटरटत होती, मी तुरीच्या फुलाकडं पाहत कुठंतरी निघून गेलो, अन् परत आल्यावर ध्यानातच येईना, मीठ टाकलं का नाही. वाफेत तोंड घातलं. बाई व, नुसती वाफ! वांग्याचा वास आला, लसणाचा आला, मिठाचा पत्ता नाही. चाखावं तं मारुती समोर. फोनले विचारलं, मीठ टाकलं का म्या? तो म्हणते, फार छान प्रश्न! टाकलं असल्यास पुन्हा टाकू नका, टाकलं नसल्यास टाका. खात्रीसाठी थोडं चाखून पाहा. (घ्या! मारुतीच्या आधी म्याच जेवावं.) म्या टाकलं.

पहिला घास मारुतीचा, तो काही बोलला नाही. बाकीचेही बोलले नाहीत, तेच लागलं मले. सेवालाल पाणी वाढता वाढता घामाघूम झाला, टाकी आटली, तरी एक माणूस पानावरून उठला नाही. शिवी देल्ली असती तं बरं वाटलं असतं. हात धुताना भंडाऱ्याचा कारभार पाहणारा बाबूलाल पाठीवर हात ठेवून म्हणाला, दौलतराव, आता शेलूबाजारचा आचारी सांगू, तुमी आरामात बसा. मले रडू आलं बाई. चुलीचा धूर होता म्हणून निभावलं. गंजापाशी उभं राहणं गेलं तं माझ्यापाशी राहते काय? हात जोडून पुढच्या महिन्याचा एक भंडारा मागून घेतला. तो बिघडला तं आचारी पक्का.

असो. माझं तसं काही काम नाही, सहज आठवण आली म्हणून लिहिलं. फोनच करणार होतो, पण आजकाल फोन हाती घेतला का पहिलं त्याच्याशीच बोलणं होते.

तुझा,
दौलत

ता. क. भंडाऱ्याच्या आदल्या दिवशीच ये. एसटीत गुडघा दुखत असंल तं जीप पाठवतो. वास घ्यायले मले तूनंच शिकवलं होतं, मान धरून वाफेत तोंड घातलं होतं. तसंच पुन्हा घाल. लोकं हसले तं हसू दे. मीठ मात्र तू टाकू नको, मले टाकू दे.

आणखी ता. क. हे पत्र लिहायची अक्कल माझी नाही. आता काय करावं, हेही म्या फोनलेच विचारलं. तो म्हणते, एखाद्या जाणत्या माणसाकडून पुन्हा शिकून घ्या. कोणाकडून, ते काही त्याले सांगता आलं नाही. ते मले माहीत होतं.