अर्धाच वाचलेला रिपोर्ट

प्रिय अक्का,

आणि तुझ्याबरोबर पिंप्राळ्यातल्या त्या सगळ्या जणी, ज्यांच्या आजाराआधी त्यांच्या चारित्र्याची तपासणी होते. पत्र तुला आहे, पण येत्या रविवारी विहारात मी ते मोठ्याने वाचणार आहे. तुझ्याबद्दल तिथे कुजबुज फार झाली. आता उघड ऐकू देत.

आताच का लिहितेय? तुझ्या लेकीच्या, प्रज्ञाच्या, गर्भाशयमुखाच्या तपासणीचा रिपोर्ट आला. एचपीव्ही पॉझिटिव्ह. तुझ्या रिपोर्टवर हेच होतं.

तुला जाऊन तीन वर्षं झाली, तरी माझा राग जिरत नाही, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच आहे. गल्लीतला प्रत्येक इंग्रजी कागद वाचायला माझ्याकडे यायचा. तूही आरोग्य शिबिरातला रिपोर्ट तसाच घेऊन आलीस. मी वाचलं, हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो. तिथेच थांबले आणि विचारलं, "अक्का, भाऊजींचं बाहेर काही आहे का?"

व्यासपीठावरून दोन-दोन तास बाईच्या सन्मानावर बोलणारी मी. मला हाच प्रश्न सुचला?

तू कागद काढून घेतलास. "कोनले सांगू नको, शोभा. बठ्ठास्ले कळी जाई." सगळ्यांना कळेल, हीच तुला भीती. खाली आणखी दोन ओळी होत्या, पुढची तपासणी करून घ्या म्हणून. त्या मी वाचल्याच नाहीत. तू तरी तो कागद पुन्हा का आणला नाहीस गं? भांडायचं होतंस माझ्याशी. सहा वर्षांनी रक्त जायला लागलं तेव्हा बोललीस, आणि तोवर कॅन्सर पसरला होता.

उपचार चालू असताना बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाटा हाटायला तुला कुणी बोलावलं नाही. तुझ्या हाताने आजार लागेल म्हणे. एरवी त्या कामात तुझ्याशिवाय कुणाचं पान हलायचं नाही.

म्हणून या वेळी आधी डॉक्टरांना सगळं विचारलं आणि मगच सोमवारी देवपूरला प्रज्ञाच्या सासरी गेले. विहीणबाईंनी दारातच गाठलं.

"ताई, भाषण नको, एवढं सांगा. सुनेचं ताट वेगळं ठेवायचं का?"

"ठेवायचंच तर संदीपचंही ठेवा."

"माझ्या पोरानं काय केलं?"

"तुमच्या सुनेनं काय केलं?"

संदीप मान खाली घालून म्हणाला, "मावशी, मला तर काहीच त्रास नाही. मग हिला कुठून आलं?"

मी सांगितलं. पुरुषाच्या अंगातही हा विषाणू असतो आणि बहुतेकदा काहीच लक्षण दिसत नाही. वर्षानुवर्षं गप्प राहतो. कुणाकडून आला, कधी आला, हे कुठलीच तपासणी सांगत नाही. लग्न झालेल्या, एकमेकांशी प्रामाणिक असलेल्या माणसांतही तो निघतो. ताटाने, पेल्याने लागत नाही. बहुतेकींच्या शरीरातून दोनेक वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात टिकतो, त्यांच्यातल्या काहींना पुढे कॅन्सर होऊ शकतो, पण त्याला बरीच वर्षं लागतात, आणि तेवढ्या काळात तो वेळीच अडवता येतो.

प्रज्ञाने विचारलं, "आईलाही हेच होतं?"

मी सगळं सांगितलं, माझ्या त्या प्रश्नासकट.

"तू तेव्हा पुढे वाचलं असतंस तर?"

तिने आपला रिपोर्ट माझ्या हातात ठेवला.

"मग आता वाच," ती म्हणाली. "यांच्यासमोर. शेवटपर्यंत."

मी वाचलं. कोल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाची दुर्बिणीतून तपासणी, लवकर करायला सांगितली होती. संदीपने तिथेच दवाखान्यात फोन लावला. पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारची वेळ मिळाली. विहीणबाई आतून ओरडल्या, "सगळे जेवूनच जा, एकाच पंगतीला."

अक्का, तुला शब्द देते. मंगळवारी मी तिच्यासोबत असेन, आणि रिपोर्ट काहीही आला तरी पुढच्या प्रत्येक फेरीला असेन. त्याच दिवशी माझीही तपासणी करून घेणार आहे. छप्पन्न वर्षांची झाले, एकदाही केलेली नाही. मलाही लाजच वाटत होती.

आणि विहारात बसलेल्या बायांनो, तुमच्यातल्या तीस ओलांडलेल्या प्रत्येकीने याच महिन्यात गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्या. कुठून आलं, असं कुणी विचारलं, तर त्याला माझ्याकडे पाठवा.

तुझी धाकटी,
शोभा