पागेच्या चुन्यात एकतीस ढेपा

५ जानेवारी, पहाटे ५.३०
आजपासून रोजनिशी. औंध संस्थानच्या वेळची दगडी पागा ग्रामसभेने माझ्या हवाली केली. तिथं आरोग्य उपकेंद्र करायचं. अध्यक्ष: सुभेदार मानसिंग (रिटायर्ड), म्हणजे मी. २८ फेब्रुवारीला तालुक्याचे डॉक्टर बघायला येणार. कोरडी जागा दिसली नाही, तर उपकेंद्र नदीपलीकडच्या गावाला. मग आपल्या लेकीसुनांनी तान्ही पोरं घेऊन नऊ किलोमीटर वळसा घालायचा.
प्रश्नच नाही. सिक्कीमला मी बंकर बांधलाय. (बांधताना हजर होतो.)
संकल्प: वीस दिवसांत काम फत्ते. कुणावर ओरडायचं नाही.

८ जानेवारी
ओरडलो. गुंडा गवंडी सिमेंट म्हणाला! हेरिटेजला चुनाच, त्यात हिरडा आणि गूळ. यूट्यूबवर तीन व्हिडिओ पाहिलेत. गुंडा म्हणाला, माझा आजा ह्येच करायचा, पर गूळ बेतानं घालत्यात सायेब, लाडू वळायचं न्हाईत. अभ्यास कमी बिचाऱ्याचा.

१२ जानेवारी
गुऱ्हाळं जोरात. वरच्या आळीच्या अर्जुनाने पागेसाठी गुळाची ढेप दिली. तासाभरात खालच्या आळीचा शंभूराज हजर. आवं सुभेदार, आमचा गूळ काय कडू हाय व्हय? त्याचीही घेतली. संध्याकाळपर्यंत एकतीस. एकाची घातली आणि दुसऱ्याची ठेवली, तर सगळी भावकी जन्माचं बोलणं टाकेल. सगळ्या घातल्या. याला लीडरशिप म्हणतात.
गुंडा म्हणाला, ह्यो चुना हाय का पाक?

२५ जानेवारी
गिलावा पूर्ण! भिंती नुसत्या चमकतायत. बोट लावलं तर आत जातं. थंडीमुळे.

३ फेब्रुवारी
बोट अजून जातं. मुंग्या आल्या. मालात भेसळ नाही याचा हा पुरावाच.

११ फेब्रुवारी
राजेश्वरी सिस्टर जागा बघायला आल्या. दोन वर्षं शाळेच्या व्हरांड्यात लसीकरण करतायत. भिंतीला टेकल्या आणि चिकटल्या. म्हणाल्या, काका, पोरगं रडलं की भिंत चाटायला द्यायची का? विनोदी बाई. पण जाताना डोळे भरले होते. दिवसभर काही सुचलं नाही. पागेवर चार चकरा मारल्या.

२० फेब्रुवारी
मंडपवाल्याचे आठ पंखे लावले. मुंग्या या भिंतीवरून त्या भिंतीवर गेल्या. प्रगती आहे.
घरी बायकोशी वाद. अंबू म्हणाली, आपला भायेरचा सोपा रिकामाच हाय की. रिकामा? तिथं माझी आरामखुर्ची, मेडलं, फायली! मोहिमेत माघार नसते असं ठणकावलं. ती म्हणाली, मोहीम तुमची, आन् वळसा पोरींनी घालायचा व्हय?
बायकांना स्ट्रॅटेजी कळत नाही. जेवण गेलं नाही.

२७ फेब्रुवारी
आज सहा वेळा बोट लावलं. खरं लिहितो, भीती वाटतेय. उद्या डॉक्टरांना फक्त उत्तरेची भिंत दाखवायची. तिथं मुंग्या कमी आहेत.

२८ फेब्रुवारी, दुपारी ३
डॉक्टर आले. पागेकडे नेत होतो, तर अंबूने वाटेतच चहाला बोलावलं. सोप्यात गेलो. सिस्टरचं टेबल, लसींचा डबा, आढ्याला वजनकाटा, अकरा बाया पोरं घेऊन बसलेल्या. डॉक्टरांनी भिंतीला हात लावला. कोरडी. जागा मंजूर म्हणून सही केली. उपकेंद्र गावातच राहिलं! कागदावर जागेपुढे नाव: सौ. अंबूबाई.
हा प्लॅन बी माझ्या मनात आधीपासून होता. बोललो नव्हतो, इतकंच.

३ मार्च, सकाळी १०
घराबाहेर, कट्ट्यावर. आत एक बाळ टाहो फोडतंय. ऐकून बरं वाटतं.
चष्मा आत राहिलाय. दारातून आत शिरलो, तर सिस्टर म्हणाल्या, काका, रांगेनं. मी म्हणालो, घर माझं आहे. सगळ्या बाया हसल्या. अंबू सर्वांत जास्त.
रांगेत उभा आहे. माझा नंबर चौदावा.