जमिनीपासून की कठड्यापासून

मंगळवार, १२ मार्च
सकाळचे साडेदहा, ऑफिसातूनच

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं दुकान, वहिनीची पाठ, भाचीची परीक्षा, सगळं ठीक आहे असं धरून चालते, कारण विचारपूस करत बसण्याइतका धीर आज माझ्यात नाही. आईची साखर आटोक्यात आहे आणि ती दिवसभर माझ्या चुका काढते आहे, म्हणजे ती उत्तम आहे. झालं. आता ऐक.

टेकडीचं पाणी पश्चिमेच्या विहिरींना मिळतं! तू म्हणत होतास तेच, अगदी तस्संच! तीन आठवडे उशिरा, पण मिळतं! गेल्या गुरुवारी आलेख पाहिल्यापासून माझा पाय जमिनीवर ठरत नाहीये. शेजारच्या टेबलावरचा नकाशे काढणारा म्हणाला, "मॅडम, लॉटरी लागली का?" मी त्याला हाताला धरून ओढत आणलं आणि पडद्यासमोर बसवलं.

थांब, नीट सांगते. फोन यासाठीच केला नाही. फोनवर तू "हं, हं" करतोस आणि ठेवून देतोस.

आमच्या भूजल संस्थेत नवा नियम आलाय. लोकांच्या पैशातून जमवलेला डेटा, जुना असो की नवा, खुल्या भांडारात ठेवायचा. ज्याला हवा त्यानं घ्यावा, तपासावा, वापरावा. कपाटाला कुलूप लावून "आमच्याकडे आहे हो" म्हणून मिरवायचे दिवस संपले. जुन्या मंडळींचे चेहरे एरंडेल प्यायल्यासारखे झालेत. आपण दोघांनी मोजलेल्या बत्तीस विहिरींची, सोळा तुझ्या नि सोळा माझ्या, पाच वर्षांची पाणीपातळी माझ्या वाट्याला आली. मला वाटलं, तासाभराचं काम. फाइल पाठवून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी भांडाराच्या तपासनीस बाईंचा फोन. आवाजावरून पंचविशीची पोर असावी.

"मॅडम, 'कुठपासून मोजलं' हा रकाना रिकामा सोडलाय तुम्ही."

"विहिरीपासून!"

"ते कळलं हो. कठड्याच्या काठापासून की जमिनीपासून?"

"कठड्यापासून. टेप काठावर टेकवायची आणि पाणी लागेपर्यंत सोडायची. आणखी कसं मोजतात?"

"बरं. आणि फाइलमध्ये निम्म्याच विहिरी आहेत. बाकीच्या सोळा?"

मी म्हटलं, बघून सांगते. तळमजल्यावरच्या खोलीतून तुझ्या वह्यांचा खोका वर आणला. धुळीनं शिंका देऊन देऊन बेजार झाले. पहिल्या वहीचं पहिलं पान, तुझं ते तिरकं अक्षर: "सर्व खोली जमिनीपासून. कठड्याची उंची वजा केली आहे." खाली सोळा विहिरींच्या कठड्यांच्या उंचीचा तक्ता. कुठे हात, कुठे कमरेएवढा, एकेक सेंटिमीटरपर्यंत.

तुझ्या प्रत्येक आकड्यात ती उंची मिळवली. भाची झाली तेव्हा तू महिनाभर रजेवर होतास आणि तुझ्या विहिरी मी मोजल्या होत्या, ते आकडे शेजारी ठेवले. जुळले रे! सोळाच्या सोळा! मग बत्तीस विहिरी एका आलेखावर मांडल्या. टेकडीखाली पाणी चढतं, पुढच्या आठवड्यात तुझ्या मधल्या विहिरींत, मग त्याच्या पुढच्या, आणि शेवटी पश्चिमेला. लाट सरकताना दिसते! माझ्याकडे दोन टोकं होती, मधला रस्ता सगळा तुझ्या वह्यांत होता. आलेख सोबत जोडलाय. चष्मा लावून बघ.

तपासनीस पोरीला पाठवला तर तिनं उलट टपाली तीन उद्गारचिन्हं पाठवली. पाणीपुरवठ्याच्या इंजिनिअरलाही दाखवला. त्यांना टेकडीवर खोल बोअर घ्यायच्या होत्या, कारण माझ्या निबंधात मी छातीठोकपणे लिहिलं होतं की टेकडीच्या पाण्याचा आणि पश्चिमेचा काही संबंध नाही. त्यांनी काम तूर्त थांबवलंय. दादा, तिकडच्या विहिरी वाचतील!

इथवर सगळं भराभर लिहिलं. आता चहा पिऊन आलेय.

गेली तेरा वर्षं आपण भेटतो, जेवतो, आईच्या औषधांवर बोलतो. विहिरींचा विषय निघाला की तू उठून हात धुवायला जातोस. तू रजेवर असतानाचे माझे आकडे तुझ्याशी जुळेनात, पाणी एकदम हातभर खाली दिसायला लागलं, तेव्हा बैठकीत मीच म्हणाले की दादानं बहुधा घरी बसून आकडे भरले असावेत. तू तिथे नव्हतास. तू फक्त निरोप पाठवलास, "माझी वही उघडून बघा." प्रमुखांनी मला विचारलं, "वही पाहिलीस?" मी म्हणाले, "पाहिली." पाहिली नव्हती. तुझं काम गेलं, तुझ्या सोळा विहिरी निबंधातून गेल्या.

हे तुला थोडंफार माहीत असेल. माहीत नाही ते पुढे आहे.

वर मी लिहिलंय, की खोका आता उघडला आणि तक्ता सापडला. तसं नाही. तू गेल्यावर दोन महिन्यांनी वह्या खोक्यात भरताना ते पान मी वाचलं होतं. तेव्हाच कळलं. निबंध आठवड्यापूर्वी स्वीकारला गेला होता आणि त्याच्या जोरावर माझी इथली नोकरी पक्की व्हायची होती. मी खोका चिकटपट्टीनं बंद केला आणि स्वतःच तळमजल्यावर नेऊन ठेवला. दादा, मी चुकले नाही, मी लबाडी केली. तुझ्याशी. मला त्याची शरम वाटते, आणि ती रोज वाटत होती असं लिहिलं तर ती आणखी एक थाप होईल. बरेच दिवस मी विसरूनही गेले होते.

हे पत्र लिहायला बसण्याआधी जर्नलला आणि आमच्या आताच्या प्रमुखांना कळवून टाकलंय: निबंध चुकीचा आहे, का चुकीचा आहे, आणि मला ते कधीपासून माहीत आहे. तुझ्या उत्तराची वाट बघून मग लिहिलं असतं, तर ते तुझ्याशी सौदा केल्यासारखं झालं असतं. नोकरीचं काय होईल ते होवो.

डेटा भांडारात तयार आहे. मोजणाऱ्यांत पहिलं नाव तुझं घातलंय, दुसरं माझं. पण ज्याचं नाव त्याची लेखी संमती लागते, त्याशिवाय ते खुलं होत नाही. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. तू नाही म्हणालास तर नाव न घालता वह्यांतले आकडे तेवढे वापरू दे म्हणेन, कारण त्या विहिरींच्या पाण्यावर लोक जगतात. माझ्यासाठी हो म्हणू नकोस.

उत्तराकडे डोळे लावून बसलेली, वही न पाहता पाहिली म्हणणारी,
तुझी धाकटी


शनिवार, १६ मार्च
दुकान

ठमे,

पत्र मिळालं. एक पंप उघडून ठेवला होता, गिऱ्हाईक समोर उभं होतं, तरी आधी आलेख पाहिला. गिऱ्हाइकालाही दाखवला. लाट खरंच सरकते गं! बिचाऱ्याला काही कळलं नाही, पण मी इतका हसत होतो की तोही हसला. वहिनी म्हणते, तेरा वर्षांत असा चेहरा पाहिला नव्हता.

मग पत्र पुढे वाचलं.

मला वाटत होतं, तू वही उघडलीच नाहीस. न बघता बोललीस, एवढंच. तो राग मी कधीच गिळला होता. बघून गप्प बसलीस हे मला माहीत नव्हतं. हा राग नवा आहे, कालच आलाय. माफ केलं असं लिहायला हात वळत नाही. वळेल तेव्हा लिहीन, घाई करू नकोस.

आता कामाचं. संमतीचा कागद सही करून जोडलाय. नाव पहिलं की दुसरं, मला काही फरक पडत नाही. खोटं. पडतो. पहिलंच ठेव.

पण इतक्यात खुलं करू नकोस. नऊ नंबरच्या विहिरीचा कठडा माझ्या शेवटच्या महिन्यात एका ट्रकनं पाडला आणि मालकानं नवा बांधला, आधीपेक्षा उंच. मी सवयीनं जुनीच उंची वजा करत राहिलो. म्हणजे माझ्या शेवटच्या तीन ओळी चूक आहेत. चूक माझी. तशीच लिही, माझ्या नावानिशी, जगाला दिसेल अशी.

पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. दोघं जाऊन तो कठडा मोजू. टेप मी धरणार. आकडा तू लिहायचास, आणि लिहून झाला की मला मोठ्यानं वाचून दाखवायचास.

अजून रागावलेला, तरी येणारा,
दादा