लॉयडची गाडी विकली

सेडूना,
जुलै, रविवार

प्रिय टॅमसिन,

गाडी गेली. काल सकाळी गेली. तुला फोन करून सांगावं असं मनात येत होतं, पण फोनवर तू 'लॉयड कसा आहे?' विचारतेस, मी 'बरा आहे' म्हणते, मग तू वाऱ्यापावसाचं विचारतेस आणि आपलं बोलणं संपतं. गेले काही महिने आपलं हे असंच चाललंय. म्हणून म्हटलं, लिहावं. लिहिताना मधेच कुणी 'बरं, ठेवते मग' म्हणत नाही.

मी मागच्या पायरीवर बसलेय. समोर पत्र्याच्या शेडमध्ये गाडीएवढी मोकळी जागा आहे. जमिनीवर तेलाचा एक डागही नाही. लॉयडच्या हाताखालच्या इंजिनाने कधी थेंब गाळला नाही, मग ते मच्छीमारांच्या बोटीचं असो की या गाडीचं. लॉयड सकाळपासून शेडकडे फिरकलेला नाही. समुद्राकडच्या खिडकीत बसून रेडिओ ऐकतोय. आवाज इतका मोठा की शेजारच्या घरातून डडली ओरडला, "लॉयड, बातम्या मला माझ्या घरीही येतात रे."

जाहिरात डडलीनेच लिहून दिली. त्याच्या नातीने ती इंटरनेटवर टाकली. लॉयड बाजूला बसून एकेक गोष्ट सांगत होता: चारही चाकांना ताकद देणारी, डिझेलची जादा टाकी, पाण्याची टाकी, रुतली तर ओढून काढायला पुढे विंच, दुसरी बॅटरी, स्प्रिंगा बदलून उंच केलेली, धुळीतही इंजिनाला स्वच्छ हवा मिळावी म्हणून छतापर्यंत नेलेला पाइप. डडली वैतागून म्हणाला, "अरे, गाडी विकतोयस की मुलीचं स्थळ सुचवतोयस? माणसं एवढं वाचत नाहीत." लॉयड म्हणाला, "ज्याला घ्यायचीय तो वाचेल." शेवटी डडलीने विचारलं, विकण्याचं कारण काय लिहू? लॉयडने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "डोळे लिही." डडलीने 'मालकाची दृष्टी कमी झाल्याने' असं लिहिलं आणि आम्ही तिघांनी चहा घेतला.

डोळ्यांचं खरंच आहे. मे महिन्यात पोर्ट लिंकनच्या डॉक्टरांनी सांगितलं, मधलं दिसणं आता जात राहणार, कडेचं तेवढं राहील. लॉयड त्यांना म्हणाला, "शोधणाऱ्याला कडेचंच जास्त लागतं." डॉक्टरांना काही कळलं नाही. ते हसले. मी हसले नाही.

टॅमी, तुला यातलं बरंचसं माहीत आहे. तरी मला एकदा ओळीने सांगू दे. मी हे कुणाला सांगितलेलं नाही, आणि घरात आम्ही दोघं या गोष्टीभोवती इतकी वर्षं फिरतोय की बसून बोलण्याची वेळच आली नाही.

आमचा कॅलम त्या शुक्रवारी डिंगो कुत्र्यांना अडवणाऱ्या लांब कुंपणापलीकडे, वाळवंटात गेला तेव्हा आपल्यापैकी कुणालाच काही वाटलं नव्हतं. खडकातले जुने पाणवठे शोधायचे, त्यांचे फोटो काढायचे, रविवारी संध्याकाळी परत. तू सोमवारी त्याच्यासाठी व्हायटिंग मासे तळणार होतीस. पुढच्या मार्चमध्ये तुमचं लग्न होतं. पोलिसांना त्याची जुनी गाडी सापडली, एक्सल मोडलेली. तिथून चालत निघालेल्या त्याच्या पावलांचा माग मिळाला आणि पहिल्याच टेकाडापलीकडे वाऱ्याने तो पुसून टाकला. विमानं फिरली, माणसं फिरली, आणि मग एक दिवस त्यांचा अधिकारी आपल्या स्वयंपाकघरात टोपी हातात धरून उभा राहिला. तू ओट्याला टेकली होतीस. लॉयडने त्याचं सगळं ऐकून घेतलं, त्याचे आभार मानले, आणि पुढच्या आठवड्यात ॲडलेडला जाऊन ही गाडी घेऊन आला. वापरलेलीच होती. मागच्या मालकाने तिच्यातून फक्त पोरांना शाळेत सोडलं होतं. तिच्या चाकांना कधी चिखल लागला नव्हता.

पहिल्या हिवाळ्यात तू आमच्याबरोबर होतीस. डिझेल अर्ध्याखाली आलं म्हणून आपण परत फिरलो. घरी आल्यावर लॉयडने दुसरी टाकी बसवली. पुढच्या वर्षी वाळूच्या मोठ्या टेकाडांवर गाडीचं पोट अडकलं, तर त्याने गाडी उंच केली. मग पाणी कमी पडलं, मग रेडिओवरून आमचा आवाज कुठे पोचेना. लोक म्हणायचे, लॉयडला गाडीचं वेड लागलंय. डडलीची बायको एकदा मला म्हणाली, "एवढे पैसे गाडीत घालण्यापेक्षा दोघं बालीला जाऊन या ना." बिचारीच्या मनात काही नव्हतं. पण त्या गाडीत बसवलेली एकूण एक वस्तू म्हणजे आम्ही कुठून तरी हात हलवत परत आल्याची खूण होती. तिथे पुन्हा अडायचं नाही, म्हणून केलेली.

मागच्या सीटा काढून त्याने फळ्यांचा लांब पलंग केला ते आठवतंय? तू विचारलं होतंस, "आता तुम्ही गाडीतच झोपणार का?" आणि लॉयड "बघू" म्हणाला. आम्ही कायम तंबूतच झोपलो, टॅमी. त्या पलंगावर कधीच नाही. करताना त्याने मला शेडमध्ये बोलावलं होतं. हातात टेप होती. मला म्हणाला, "ग्लेन, कॅलमच्या खोलीतली गादी जरा मोजून सांगतेस?" मी मोजून सांगितली. कॅलमचे पाय त्या गादीबाहेर यायचे, म्हणून लॉयडने थोडी जास्तच लांब फळी कापली. जिवंत मिळाला तर त्याला झोपवून आणायचं, आणि नाही तर... ते तो बोलला नाही. मीही नाही. मी वर अंथरायला निळी रजई शिवून दिली.

दर वर्षी निघायच्या आदल्या दिवशी तू यायचीस. नोकरी पोर्ट लिंकनला गेली तरी यायचीस. डब्यात फ्रूटकेक, लॉयडसाठी ओट्सची बिस्किटं. लॉयड चाकं तपासता तपासता रस्त्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "टॅमी आली की निघायला हरकत नाही."

एक गोष्ट मात्र तुला आम्ही अर्धीच सांगितली. योस्ट नावाचा डच पोरगा आम्हाला वाळवंटात सापडला, मोटरसायकल बंद पडून अडकला होता, आम्ही त्याला आणलं, एवढंच तुला माहीत आहे. झालं ते असं. दुपार होती. लॉयडने अचानक ब्रेक दाबला. लांब एका मल्गाच्या झाडाखाली कुणीतरी पडलं होतं. लांब पाय, तांबूस केस. लॉयडने दार उघडलं आणि धावत सुटला. त्याचा गुडघा तुला माहीत आहे, घराच्या दोन पायऱ्या चढतानाही तो कठडा धरतो. तो त्या वाळूत धावला आणि ओरडत होता, "कॅलम, आलो रे, आलो." मला गाडीतून उतरताच येईना. मग त्या पोराने मान वळवली. लॉयड जागच्या जागी उभा राहिला. पाठमोरा होता, मला त्याचा चेहरा दिसला नाही. मग तो खाली बसला, पोराचं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "बरं झालं भेटलास. हळूहळू पी. घाई करू नकोस."

त्याला आम्ही त्या पलंगावर झोपवलं, निळ्या रजईवर. त्याचे पाय फळीच्या टोकापर्यंत पोचत नव्हते. पूर्ण वाटभर मी मागे त्याच्याजवळ बसून ओल्या फडक्याने त्याचे ओठ टिपत होते. तो ग्लानीत त्याच्या भाषेत आईला हाक मारत होता. ती हाक कुठल्याही भाषेत कळते. पुढे त्याची आई विमानाने आली, इस्पितळात माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि मला इतका हेवा वाटत होता की तोंडातून शब्द फुटेना. तिला वाटलं, मी फार शांत बाई आहे.

आता कालचं सांगते. व्हायॅला शहरातून एक जोडपं आलं. तो ओवेन, शाळेत मास्तर आहे. ती मिरेल. आणि त्यांची छोटी, नाव पॉपी, नाकाला शेंबूड आणि तोंड अखंड चालू. लॉयडने त्यांना सगळं दाखवलं. दृष्टी अधू झालीय, पण हाताला एकेक बोल्ट ठाऊक आहे. वाळूत शिरण्याआधी टायरची हवा कमी करायची हे सांगताना म्हणाला, "बायको चिडली की आपण जरा नरम पडतो ना, तसं. ताठ राहिलास तर रुतलास." मिरेल हसली, म्हणाली, "हे यांना लिहून द्या." ओवेनने बॉनेटखाली डोकं घातलं आणि म्हणाला, "इतकी नीट राखलेली गाडी मी पाहिली नाही. तुम्ही कुठे कुठे फिरलात हिच्यातून?" लॉयड म्हणाला, "एकाच ठिकाणी. पुन्हा पुन्हा."

तेवढ्यात पॉपी मागच्या दारातून चढून त्या पलंगावर आडवी झाली. हातपाय पसरले तरी फळीचा अर्ध्याहून जास्त भाग उरला. तिने विचारलं, "इथे कोण झोपतं?"

मी म्हणणार होते, कुणी नाही. पण लॉयड तिच्याजवळ गेला, दाराला टेकला आणि म्हणाला, "आमच्या मुलासाठी केलं होतं. कॅलम त्याचं नाव. तुझ्या बाबांपेक्षाही उंच होता."

होता म्हणाला, टॅमी. इतक्या वर्षांत मी त्याच्या तोंडून 'होता' ऐकलं नव्हतं. कॅलमला वांगं आवडत नाही, कॅलम डाव्या हाताने लिहितो, कॅलम उंच आहे, असंच. मीही त्याच्यासमोर जपून बोलायची. काल त्याने ते आपण होऊन म्हटलं, एका अनोळखी पोरीला, अगदी साध्या आवाजात. पॉपीने विचारलं, "मग तो कुठे गेला?" मिरेलने तिला दटावलं. लॉयड म्हणाला, "विचारू दे. तो वाळवंटात गेला आणि तिथेच राहिला. आम्ही फार शोधलं." पॉपीने विचार केला आणि म्हणाली, "मग आता मी झोपू?" लॉयड म्हणाला, "झोप की. त्यासाठीच आहे."

ओवेनच्या हातातली किल्ली तशीच राहिली. तो म्हणाला, तुमचं मन होत नसेल तर आम्ही आग्रह करणार नाही. लॉयडने त्याची मूठ आपल्या हाताने मिटवली. गाडी वळणापर्यंत गेली तेव्हा लॉयडला ती दिसत नव्हती, आवाजावरून तो बघत होता. आवाज गेल्यावर म्हणाला, "दुसऱ्या गिअरला जरा लवकर टाकतो पोरगा. शिकेल." मग आत जाऊन अंथरुणावर पडला आणि रडला. मी शेजारी पडून राहिले. त्याचं रडणं थांबवायला मी पहिल्यांदाच गेले नाही.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. मे महिन्यात डॉक्टरांकडून निघाल्यावर आम्ही धक्क्याजवळ गाडी लावून सँडविच खात होतो. समोरून तू चालली होतीस, एका दाढीवाल्या माणसाबरोबर. त्याने थांबून, वाकून तुझ्या बुटाची नाडी बांधली, कारण तुला वाकता येत नव्हतं. तुझा एक हात पोटावर होता आणि तू कशाला तरी खूप हसत होतीस. मी हाक मारणार होते, पण लॉयडने माझ्या हातावर हात ठेवला. त्याला चेहरा दिसला नाही, पण तुझं हसणं त्याने ओळखलं. म्हणाला, "नको. आपल्याला बघून ती हसायची थांबेल." सेडूनाला घरात शिरताना म्हणाला, "यंदा नको जायला, ग्लेन. आपण निघायचं म्हटलं की त्या पोरीला निरोप द्यायला यावं लागतं." या वर्षी तू आमच्याकडे का फिरकली नाहीस, फोनवर पाठदुखीचं का सांगितलंस, मला सगळं कळतं गं. आमच्यापासून लपवायला तुला किती जड गेलं असेल. तू कॅलमला सोडलं असं या घरात कुणालाही वाटत नाही. तुझी आई आता नाही, आणि पहिल्या बाळाच्या वेळी घरात एखादी म्हातारी बाई लागते. कपडे धुवायला, दारावर आलेल्यांना चहा द्यायला, बाळ रडलं की 'असंच असतं' म्हणायला. मला बोलावशील का? नाही बोलावलंस तरी राग नाही. पण बोलावलंस तर येईन. पोर्ट लिंकनपर्यंत चांगला डांबरी रस्ता आहे, माझी छोटी गाडी त्याला पुरते. लॉयड म्हणतो, तोही येईल, आणि त्या दाढीवाल्याचं नाव काय ते आधी कळव, म्हणजे दारात उभं राहून चाचपडायला नको.

तुझीच,
ग्लेनिस