बाबांच्या बोटावरची शाई

मंगळवार, संध्याकाळ. कांदिवली.

बाबांच्या डाव्या तर्जनीच्या नखावरची ती काळी रेघ मतदानाची शाई नाहीये. मतदान होऊन वर्ष होत आलं. आमच्या सगळ्यांची शाई कधीच गेली, आणि बाबा बिल्डिंगभर बोट दाखवत फिरायचे, "माझीच पक्की." आम्ही हसायचो. मीसुद्धा.

त्यांचे हात थरथरतात म्हणून दर रविवारी नखं मीच कापते ना? मग कसं कळलं नाही? शाई नखाबरोबर पुढे सरकते, कापली जाते. ही रेघ मुळापासून तशीच येत राहिली, उलट रुंद होत गेली. आज डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं. "मुळाशी कातडीही काळी पडलीय. कॅन्सर असू शकतो. शुक्रवारी तुकडा काढून तपासू."

घरी आल्यावर मी वेड्यासारखी नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन बसले आणि ती रेघ घासत राहिले. असू शकते ना शाई? डॉक्टर कधी चुकतच नाहीत का? कापूस पांढराच्या पांढरा.

बाबांनी हात मागे घेतला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "अजून जोरात घास गं. मला दुखत नाही."